संशय हवा, वितंडा नको

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ, खानदेश आणि मध्य प्रदेशाच्या काही भागांतील हजारो लोकांनी त्या दिवशी आकाशात एक विलक्षण दृश्य पाहिले. जळते तेजोगोल एकामागोमाग एक, लांबलचक शेपट्या ओढीत, क्षितिजाकडे निघून गेले. काही मिनिटांतच त्याची चित्रे भ्रमणध्वनींवरून घरोघरी पोहोचली आणि तर्कवितर्कांना ऊत आला. उल्कापात, कोसळलेले विमान, शत्रूचे क्षेपणास्त्र, उडती तबकडी, ज्याला जे सुचले ते त्याने सांगितले आणि ऐकणाऱ्याने पुढे पाठविले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे एक कडे आकाशातून येऊन पडले. आसपासच्या परिसरात धातूचे गोळेही सापडले. पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांनी तेथे येऊन या वस्तूंची पाहणी केली. अंतराळातील वस्तूंच्या कक्षांचा मागोवा घेणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांच्या गणितानुसार, २०२१ साली उडालेल्या एका चिनी रॉकेटाचा तिसरा टप्पा त्याच वेळी त्याच मार्गाने वातावरणात शिरून जळाला होता. परग्रहावरून कोणी आले नव्हते. माणसानेच वर पाठविलेली वस्तू खाली आली होती.

ज्यांनी तो प्रकाश पाहिला, त्यांनी खोटे सांगितले नव्हते. प्रकाश खरा होता, कडे खरे होते, चुकला तो केवळ अर्थ. ‘हे काय आहे, ते मला ठाऊक नाही’ या प्रामाणिक वाक्यापासून ‘म्हणजे ते परग्रहवासीयांचे यान असले पाहिजे’ या निष्कर्षापर्यंत मन एका उडीत पोहोचते आणि मधल्या साऱ्या पायऱ्या गाळल्या गेल्या, हे त्याच्या लक्षातही येत नाही. गेली सुमारे ऐंशी वर्षे जगभर चाललेल्या उडत्या तबकड्यांच्या चर्चेचे मर्म या एका उडीत सामावलेले आहे.

ही चर्चा सुरू झाली ती अमेरिकेत. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड नावाचा वैमानिक आपल्या छोट्या विमानातून वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियर पर्वताजवळून जात असता त्याला नऊ चकाकत्या वस्तू अतिशय वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली असता ती जशी उसळत जाते, तशी त्यांची गती होती, असे त्याने सांगितले. बशीची उपमा त्याने गतीला दिली होती. वृत्तपत्रांनी ती आकाराला लावली आणि ‘उडती तबकडी’ हा शब्द जन्माला आला. त्यानंतर अमेरिकेच्या कानाकोपऱ्यांतून लोकांना आकाशात तबकड्याच दिसू लागल्या! शब्द आधी आला आणि दर्शन मागून घडले. मानवी दृष्टी किती संस्कारक्षम असते, याचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

त्याच वर्षी जुलै महिन्यात न्यू मेक्सिको राज्यातील रॉसवेल येथील हवाई तळाने एक ‘उडती तबकडी’ हाती लागल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी तो हवामानाचा फुगा होता, असा खुलासा झाला. प्रकरण तेथेच संपले. तीस वर्षांनी मात्र ते पुन्हा उकरले गेले. त्यावर ग्रंथ निघाले, चित्रपट निघाले आणि परग्रहवासीयांच्या मृतदेहांच्या कथाही रचल्या गेल्या. १९९४ साली अमेरिकेच्या हवाई दलाने खरी हकीकत सांगितली. तो फुगा सोव्हिएत रशियाच्या अणुस्फोटांचा आवाज वातावरणाच्या वरच्या थरांत टिपण्यासाठी योजलेल्या ‘मोगल’ या गुप्त प्रकल्पाचा होता. म्हणजे शासनाने काहीतरी लपविले, हा लोकांचा संशय पूर्णतः निराधार नव्हता. मात्र जे लपविले होते ते परग्रहावरचे नसून शीतयुद्धातले होते. १९५५ पासून अमेरिकेची यू-२ ही टेहळणी विमाने साठ हजार फुटांहून अधिक उंचीवरून उडू लागली. त्या काळची प्रवासी विमाने तिच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी उंचीवरून जात. सूर्य मावळल्यावरही उंचावर चमकणारे हे रुपेरी विमान पाहून वैमानिक चक्रावून जात आणि शासनाला सत्य सांगता येत नसे. गुप्ततेच्या अंधारात अफवांचे पीक जोमाने येते, हा धडा कोणत्याही देशाच्या राज्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा असा आहे.

अमेरिकेच्या हवाई दलाने या विषयाची दीर्घकाळ चौकशी केली. ‘ब्लू बुक’ या नावाने ओळखली जाणारी ही चौकशी १९६९ साली बंद झाली, तेव्हा एकूण १२,६१८ घटनांची नोंद झालेली होती. त्यांपैकी ७०१ घटनांचा उलगडा झाला नाही, म्हणजे शेकडा साडेपाचांच्या आसपास. श्रद्धाळूंना हे ७०१ म्हणजे ७०१ याने वाटतात. वस्तुतः त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की या घटनांविषयी निर्णय करण्याइतकी माहिती उपलब्ध नव्हती. पोलिसांच्या दप्तरी न उलगडलेले गुन्हे असतात, म्हणून ते भुताने केले असे कोणी मानीत नाही.

हा विषय इतिहासजमा झालेला नाही. जुलै २०२३ मध्ये डेव्हिड ग्रुश या माजी गुप्तवार्ता अधिकाऱ्याने अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे शपथेवर सांगितले, की अमेरिकी शासनाजवळ मानवनिर्मित नसलेल्या यानांचे अवशेष आहेत. जगभर खळबळ उडाली. परंतु ते अवशेष त्यांनी स्वतः पाहिलेले नव्हते. इतरांनी आपल्याला सांगितले, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘नासा’ने नेमलेल्या सोळा तज्ज्ञांच्या स्वतंत्र गटाचा अहवाल प्रसिद्ध झाला. या घटनांचे मूळ परग्रहावर असल्याचा पुरावा नाही आणि उपलब्ध नोंदींचा दर्जाच इतका निकृष्ट आहे, की ठाम निष्कर्ष काढणे कठीण, असे या गटाने नमूद केले. अधिक चांगली उपकरणे वापरा, पद्धतशीर नोंदी ठेवा आणि असे दृश्य पाहणाऱ्या वैमानिकांची टिंगल थांबवा, अशा त्यांच्या सूचना होत्या. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या संबंधित विभागानेही १९४५ पासूनच्या नोंदी तपासून हाच निर्वाळा दिला.

आपल्या सीमेवरची एक घटना या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. २०१२-१३ मध्ये लडाखमध्ये, पँगाँग सरोवराच्या परिसरात तैनात असलेल्या जवानांना क्षितिजावर तेजस्वी वस्तू वर येताना दिसू लागल्या. चीनच्या टेहळणी ड्रोनची शंका येणे स्वाभाविक होते. जवानांनी आपल्या मनाशी काही ठरवून टाकले नाही. त्यांनी दिसेल त्याची रीतसर नोंद ठेवली आणि वरिष्ठांना कळविली. पुढे बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे हा प्रश्न गेला. शास्त्रज्ञांनी वेळा आणि दिशा ताडून पाहिल्या आणि सांगितले, की हे गुरू आणि शुक्र हे ग्रह आहेत. लडाखच्या निर्मळ, विरळ हवेत ते नेहमीपेक्षा किती तरी ठळक दिसतात. काही विदेशी वृत्तपत्रांनी यावरून आपल्या सैन्याची चेष्टा केली. आमच्या मते त्यात चेष्टेचे काहीच नव्हते. सीमेवर उभ्या असलेल्या सैनिकाने संशय घेणे हे त्याचे कर्तव्यच आहे. त्याने तो संशय नोंदवहीत उतरविला, जाणकारापुढे ठेवला आणि उत्तर मिळाल्यावर ते स्वीकारले. संशयाचा याहून चांगला उपयोग दुसरा नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. उडत्या तबकड्यांवर सहज विश्वास ठेवणारी कित्येक मंडळी माणूस चंद्रावर उतरला, यावर मात्र विश्वास ठेवायला तयार नसतात. १९७६ साली बिल केसिंग या अमेरिकी लेखकाने चंद्रावतरण हा बनाव असल्याचा दावा करणारे पुस्तक स्वतःच छापले आणि तेव्हापासून हा प्रवाद अखंड वाहत आहे. ‘ध्वज फडकतो कसा? आकाशात तारे का दिसत नाहीत? पुन्हा कोणी का गेले नाही?’ हे प्रश्न आपल्या घरांतील तरुण मुलेही मोठ्या आत्मविश्वासाने विचारतात.

प्रश्न विचारण्यात काहीच गैर नाही आणि त्यांची उत्तरे आहेत. ध्वज ताठ राहावा म्हणून त्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातलेली होती. हवेचा अवरोध नसल्यामुळे एकदा हललेले कापड बराच वेळ हलत राहते. प्रखर सूर्यप्रकाशात उजळलेल्या भूमीचे छायाचित्र घ्यायचे, तर कॅमेऱ्याची झडप क्षणार्धच उघडावी लागते आणि तेवढ्यात ताऱ्यांचा मंद प्रकाश उमटत नाही. भर प्रकाशात न्हालेल्या क्रीडांगणाचे रात्री छायाचित्र काढून पाहावे, तेथेही तारे सापडणार नाहीत. डिसेंबर १९७२ नंतर चंद्रभूमीवर मानवाचे पाऊल पडले नाही, याचे कारण पैसा आणि राजकारण हे आहे. १९६६ च्या सुमारास ‘नासा’वर अमेरिकेच्या केंद्रीय अंदाजपत्रकाच्या शेकडा चारांहून अधिक खर्च होत होता. रशियाला मागे टाकण्याचा हेतू साध्य होताच तो ओघ आटला.

पुराव्यांचे म्हणाल, तर सहा मोहिमांत बारा माणसे चंद्रावर उतरली आणि त्यांनी ३८२ किलो माती व दगड आणले. या नमुन्यांचे संशोधन अनेक देशांच्या प्रयोगशाळांत झाले. त्यांत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही होती. देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दगडांत विश्वकिरणांनी कोरलेल्या सूक्ष्म रेषांचा अभ्यास केला. वातावरणाच्या कवचाखाली राहिलेल्या पृथ्वीवरच्या दगडांत अशा खुणा सापडत नाहीत. चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवरून आजही लेसर किरण परत येतात आणि त्यावरूनच चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर जात असल्याचे मोजले जाते. हे सारे अमेरिकेचेच म्हणणे, असा कोणी आक्षेप घेईल. त्याला आमचे उत्तर असे, की २०२१ मध्ये आपल्या चांद्रयान-२ च्या कक्षायानाने अपोलो-११ च्या अवतरणस्थळाचे छायाचित्र घेतले आणि त्यात यानाचा खालचा भाग दिसतो. भारताच्या कॅमेऱ्याने दिलेली ही साक्ष आहे. शिवाय १९६९ साली बनावाचा थोडाही सुगावा लागला असता, तर सोव्हिएत रशियाने जगभर डांगोरा पिटल्यावाचून सोडले असते काय? प्रतिस्पर्ध्याचे मौन हाही एक पुरावाच असतो.

हा विरोधाभास थोडा थांबून विचार करण्याजोगा आहे. ज्याच्या बाजूने एकही तपासता येण्याजोगी वस्तू नाही, त्यावर विश्वास. आणि ज्याच्या बाजूने ३८२ किलो दगड आहेत, त्यावर अविश्वास! वरकरणी या दोन परस्परविरुद्ध वृत्ती वाटतात. एक भोळी आहे आणि एक चिकित्सक आहे, असा भास होतो. खोलात गेल्यावर दिसते, की दोन्हींचे मूळ एकच आहे. दोघांनाही पुराव्याचे कष्ट नको आहेत. ‘सर्वांना जे ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे’ या भावनेचे सुख मात्र दोघांनाही हवे आहे.

आपल्या न्यायदर्शनाने या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केलेला आहे. न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत संशयाला प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान आहे. संशय हे पाप मानलेले नाही. ते ज्ञानाचे प्रवेशद्वार मानले आहे. मात्र त्या दारातच बसून राहणे अभिप्रेत नाही. संशयाकडून तर्काकडे, तर्काकडून निर्णयाकडे जायचे असते. याच परंपरेने चर्चेचेही तीन प्रकार सांगितले. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता समोरच्याचे खंडन करीत राहायचे, ती वितंडा. चंद्रावतरणाला बनाव म्हणणाऱ्यांना विचारावे, की मग हे दगड कोठून आले? लाखो माणसांनी राबून उभारलेल्या त्या कार्यक्रमातून एकही साक्षीदार पुराव्यानिशी कसा पुढे आला नाही? याचे उत्तर न देता ते पुढचा आक्षेप काढतात. ही वितंडा आहे. तबकड्यांच्या भक्तांनाही न्यायशास्त्राचाच दुसरा नियम लावावा लागतो. शब्द हे प्रमाण आहे, परंतु कोणाचा शब्द? आप्ताचा, म्हणजे ज्याने वस्तू यथार्थ जाणली आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगतो, त्याचा. ‘मला कोणी तरी सांगितले’ हे आप्तवाक्य होत नाही, मग सांगणारा कितीही मोठ्या पदावर असो.

परंतु संशय घेणाऱ्यांनाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. नाकारणे म्हणजे चिकित्सा नव्हे. अठराव्या शतकात युरोपातील अनेक विद्वान आकाशातून दगड पडतात, ही गोष्ट अडाणी शेतकऱ्यांची कल्पना समजून उडवून लावीत असत. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेगल या गावाजवळ हजारो दगडांचा वर्षाव झाला. बियो या तरुण शास्त्रज्ञाने गावोगाव फिरून लोकांच्या साक्षी घेतल्या, दगड गोळा केले, ते कोठे कोठे पडले याचा नकाशा केला आणि शेतकऱ्यांचे म्हणणे खरे असल्याचे सिद्ध केले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या सरोवराची कथा याच्याच जवळची आहे. बेसाल्ट खडकातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे, असे भूशास्त्रज्ञ दीर्घकाळ मानीत आले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथील खडकांत प्रचंड आघातानेच निर्माण होणारी काच सापडल्याचे दाखविले गेले आणि हे विवर आकाशातून आलेल्या पाषाणाने घडविले, हे मान्य झाले. त्या वेळी विज्ञानाने आपला जुना निष्कर्ष बदलला, त्यात त्याची मानहानी झाली नाही.

परग्रहावरील जीवसृष्टीचा प्रश्नही हास्यास्पद नाही. हास्यास्पद आहे ती घाई. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला आकाशातील एका बिंदूपासून दर १.३३ सेकंदांनी नियमित स्पंद येताना आढळले. इतकी नियमितता निसर्गात कशी असेल? त्या गटाने अर्ध्या थट्टेने त्या स्रोताला ‘छोटी हिरवी माणसे’ असे टोपणनाव दिले. पण जगाला डांगोरा पिटून सांगितले नाही. शोध चालू ठेवला, आकाशाच्या दुसऱ्या भागात तसाच आणखी एक स्रोत सापडला आणि हे वेगाने फिरणारे न्यूट्रॉन तारे आहेत, हे स्पष्ट झाले. परग्रहवासी भेटले नाहीत, परंतु जे सापडले ते कोणत्याही कल्पनेहून अद्भुत होते. याच स्पंदक ताऱ्यांचा अभ्यास आज पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या दूरदृष्टीतून उभ्या राहिलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेनांच्या साह्याने चालतो.

मराठी वाचकांना ज्यांच्या विज्ञानकथांनी परग्रहवासीयांची ओळख करून दिली, त्या डॉ. जयंत नारळीकरांनी हाच प्रश्न प्रयोगाच्या कसोटीवर घासला. २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा करण्यात आले. हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांनी ते तपासले. त्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. त्यांपैकी एकीला आर्यभटाचे, तर एकीला इस्रोचे नाव देण्यात आले. ‘परग्रहावरील जीव सापडले’ असे घोषित करण्याचा मोह किती मोठा असेल! परंतु हे जीवाणू पृथ्वीबाहेरून आल्याचे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे इस्रोच्या निवेदनातच स्पष्ट करण्यात आले. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. त्यांच्या या संयमाचा वारसा त्यांच्या कथांइतकाच मोलाचा आहे.

आता थोडे घरात पाहिले पाहिजे. १९६८ साली एरिक फॉन डॅनिकेन या स्विस लेखकाने प्राचीन काळी परग्रहवासी पृथ्वीवर आले आणि त्यांनीच मानवाला संस्कृती शिकविली, असा सिद्धांत मांडला. त्यात आपल्या महाकाव्यांतील विमानांचा उल्लेख येतो, म्हणून आपल्यापैकी अनेकांना तो सुखावून गेला. पण त्याचा अर्थ नीट पाहावा. याच विचाराचे अनुयायी आज वेरूळचे कैलास लेणे परग्रहवासीयांनी घडविले, असे दूरचित्रवाणीवरून सांगतात. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगराच्या माथ्यापासून पायाकडे उतरत, लाखो घनफूट पाषाण छिन्नी-हातोड्याने काढून जे मंदिर आपल्या पाथरवटांनी साकारले, त्याचे श्रेय कोणा निनावी तबकडीला द्यायचे? भिंतींवर छिन्नीचे घाव आजही दिसतात. अजिंठ्याचे चोविसावे लेणे अपुरे राहिले आहे आणि डोंगर कसा पायरीपायरीने पोखरला जात होता, हे तेथे स्वच्छ पाहता येते. वडोदऱ्यात सापडलेल्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात, हे मंदिर घडविणारा शिल्पीही आपली निर्मिती पाहून विस्मित झाला, अशा आशयाचे वर्णन आहे. विस्मित होणारा तो शिल्पी माणूस होता, आपला पूर्वज होता. परग्रहवासीयांची कथा त्याच्या हातातील छिन्नी हिरावून घेते.

‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाविषयीही हेच स्पष्टपणे बोलले पाहिजे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्याची चिकित्सा केली. हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो खोडून काढणारा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. असे असता त्या ग्रंथावर अभिमानाची इमारत उभारणे म्हणजे आपल्या खऱ्या वैभवाचाच अधिक्षेप होय. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे सांगितले. केरळच्या परमेश्वराने अनेक दशके ग्रहणांचे निरीक्षण केले, पूर्वसूरींचे गणित प्रत्यक्षाशी जुळत नाही असे पाहिल्यावर ते दुरुस्त केले आणि १४३१ मध्ये ‘दृग्गणित’ हा ग्रंथ लिहिला. लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीचा जो आग्रह धरला, त्याचेही सूत्र दृक्प्रत्यय हेच होते. पंचांगाने आकाशाशी जुळवून घ्यावे. आकाश पंचांगाशी जुळवून घेत नसते. प्राचीन ग्रंथाविषयी आदर ठेवून त्यातील गणित तपासणे, हा आपल्या परंपरेचाच आचार आहे.

हा आचार अंतराळ संशोधनात किती मोलाचा ठरतो, हे आपण अलीकडेच पाहिले. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चे अवतरण फसले, तेव्हा सारा देश हळहळला. काही जण शास्त्रज्ञांचे केवळ सांत्वन करीत राहिले, काही खर्चाचा हिशेब मागत राहिले. शास्त्रज्ञ मात्र स्वतःच्याच कामाविषयी संशय घेत बसले. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा अधिक जोर लावला, लहानसहान चुका साचत गेल्या आणि उतरण्यासाठी ठरविलेली पाचशे मीटर लांबी-रुंदीची जागा फारच अपुरी पडली, असे त्यांना आढळले. हे निष्कर्ष इस्रोने जाहीरपणे सांगितले. मग अवतरणाचे क्षेत्र सुमारे चार किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद असे वाढविले, पाचाऐवजी चार इंजिने ठेवली, यानाचे पाय अधिक बळकट केले आणि इंधन वाढविले. ‘काय काय बिघडू शकेल?’ या प्रश्नापासून आरंभ करून नवी रचना केली गेली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात अलगद उतरले. ते यश चार वर्षांच्या शिस्तबद्ध संशयाचे फळ होते.

आता प्रश्न यंत्राचा राहिलेला नाही, माणसाचा आहे. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा अंतराळात गेले. त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी, जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचले. गगनयान मोहिमेत भारतीय माणूस भारतीय रॉकेटावर बसून जावा, हे उद्दिष्ट आहे. अशा कार्यात विलंब होतो, चाचण्या फसतात आणि जिवाची जोखीमही असते. त्या वेळी समाज कसा वागेल? प्रत्येक विलंबाला कट म्हणणारा आणि प्रत्येक यशाला चमत्कार म्हणणारा समाज आपल्या शास्त्रज्ञांना धीर देऊ शकणार नाही आणि त्यांना योग्य प्रश्नही विचारू शकणार नाही. मानवी मोहिमांवरचा खर्च योग्य आहे का, यंत्रे पुरेशी नाहीत का, सुरक्षेची कसोटी कोणती, हे प्रश्न नागरिकांनी अवश्य विचारावेत. तो वाद आहे आणि वादातून निर्णय शुद्ध होतो. मात्र त्यासाठी आधी माहिती घेण्याचे कष्ट करावे लागतात.

ही सवय घरातच लागू शकते. मुलांना रात्री गच्चीवर न्यावे. शुक्र कोणता, गुरू कोणता, हे ओळखायला शिकवावे. अंतराळ स्थानक आपल्या गावावरून केव्हा जाणार, याच्या वेळा आधीच प्रसिद्ध होतात. घड्याळ लावून पाहावे, तो तेजस्वी ठिपका ठरल्या क्षणी ठरल्या दिशेने येतो. ज्या मुलाने हे स्वतः पडताळून पाहिले, त्याला अंतराळ स्थानक हा बनाव आहे, असे कोणी सांगून पटणार नाही आणि एका रांगेत जाणारे उपग्रहांचे दिवे पाहून तो तबकडी आली म्हणून ओरडणारही नाही. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना आकाश दाखवीत आल्या आहेत. आपल्या वस्त्यांतून, शाळांतून, उत्सवांच्या मंडपांतून आकाशदर्शनाचे असे कार्यक्रम कार्यकर्त्यांनी का घेऊ नयेत? आणि भ्रमणध्वनीवर आलेला अद्भुत संदेश पुढे पाठविण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत: हे कोणी पाहिले? त्याची नोंद कोठे आहे? दुसरा कोणी ते तपासू शकतो काय?

विश्वात आपण एकटेच आहोत की नाही, या प्रश्नाचे उत्तर आज कोणाजवळही नाही. ते कदाचित पुढच्या पिढीला मिळेल, कदाचित त्यानंतरच्या. ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी ते ओळखता येण्याजोगी चिकित्सक दृष्टी आपल्या मुलांजवळ असावी, एवढी तजवीज करणे आपल्या हाती आहे आणि ती आजच केली पाहिजे.